नेपोलियन नेमका कुठे हरला?

माझे मामा गोव्यात दिवाणी वकिली करतात. मी मराठवाड्यात एका कॉलेजात इतिहास शिकवते. नेपोलियन बोनापार्ट हा विषय निघाला की आमचं हमखास वाजतं. मामांच्या लेखी तो युरोपाला कायदा देणारा माणूस, तर माझ्या लेखी माणसं खर्ची घालून राज्य चालवणारा. यंदा चवथीला गेले तेव्हा वाद पुन्हा निघाला आणि या खेपेस आम्ही तो अर्ध्यावर सोडला नाही. जसा झाला तसा इथे मांडते आहे.

मामा : तुम्ही इतिहासवाले नेपोलियनला घोड्यावरून खाली उतरूच देत नाही. लढाया जिंकणारे पुष्कळ झाले गं. पण त्यांतला एक तरी रात्री उशिरापर्यंत बसून दत्तकविधानाच्या कलमावर वाद घालत होता का? 1800 च्या ऑगस्टमध्ये यानं चार कायदेपंडित कामाला लावले आणि 21 मार्च 1804 ला 2281 कलमांची नागरी संहिता जाहीर केली. मसुद्यावरच्या जवळपास निम्म्या बैठकांना तो स्वतः अध्यक्ष म्हणून हजर होता. त्याआधी फ्रान्सच्या दक्षिणेत रोमन कायद्याची परंपरा चालायची आणि उत्तरेत मुलखामुलखाचे वेगवेगळे रिवाज. त्या जागी सगळ्या देशाला एक कायदा आला. थोरल्याला सगळी इस्टेट आणि धाकट्यांच्या हाती काही नाही, हा प्रकार संपला. आमच्या गोव्यात 1867 ची पोर्तुगीज संहिता लागू झाली, तिच्या घडणीवरही याच संहितेची छाप आहे. मी उभ्या हयातीत वाटणीचे दावे चालवले आहेत. कायद्यात मुलांचा वाटा ठरलेला असला की घरातलं दुबळं माणूसही कोर्टात ताठ उभं राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी : संहिता मोठी आहे, मामा. ते मी कधीच नाकारलं नाही. पण तिचं 213 वं कलम तुम्हाला पाठ असेल. नवऱ्यानं बायकोचं रक्षण करायचं आणि बायकोनं त्याची आज्ञा पाळायची. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला कोर्टात उभंही राहता येत नव्हतं. तिनं व्यभिचार केला तर त्याला घटस्फोट मिळे. त्यानं केला तर रखेलीला राहत्या घरात आणून ठेवलं असेल तरच तिला दाद मागता येई. आणि संहितेच्या दोनच वर्षं आधी, 1802 मध्ये, याच माणसानं वसाहतींतली गुलामगिरी पुन्हा उभी केली. क्रांतीनं 1794 मध्ये ती रद्द केली होती. आजच्या हैतीवर त्यानं आपल्या मेहुण्याला, जनरल लक्लेर्कला, फौज देऊन पाठवलं. तिथला काळा पुढारी तूसँ लूव्हेर्त्यूर याला बोलणीच्या निमित्तानं बोलावून पकडलं आणि थंडगार जुरा डोंगरातल्या फोर्ट द जू या किल्ल्यात डांबलं. एप्रिल 1803 मध्ये तो तिथेच मेला. पुढे पिवळ्या तापानं आणि लढाईनं ती फ्रेंच फौजच संपली आणि 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र झालं. तुमची संहिता जाहीर व्हायच्या तीन महिने आधी.

मामा : ते पाप आहेच, त्याचा बचाव मी करणार नाही. पण तू माणूस तपासते आहेस आणि मी राज्य तपासतो आहे. कॉर्सिका फ्रान्सकडे येऊन जेमतेम वर्ष झालं असताना, 1769 मध्ये, हा तिथे जन्मला. सव्विसाव्या वर्षी इटलीतल्या फौजेचा सेनापती, तिसाव्या वर्षी देशाचा कारभारी, पस्तिसाव्या वर्षी सम्राट. त्याचे मार्शल बघ. नेय पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा, म्युरा खानावळवाल्याचा. जुन्या राजवटीत या माणसांना सरदारांच्या पोरांसमोर उभं राहावं लागलं असतं. कर्तबगाराला वाट मोकळी, हे तत्त्व त्यानं फौजेत आणि कारभारात आणून दाखवलं. म्हणून माणसं त्याच्यासाठी मरायला तयार होती.

मी : वाट मोकळी होती, पण तिचा खर्च कोण देत होतं, ते बघा. 1796 मध्ये इटलीत उतरला तेव्हा त्याच्या फौजेला धड बूट नव्हते. वर्षभरात ती फौज इटलीच्या जिवावर जगायला लागली, वर पॅरिसच्या सरकारकडे पैसा पाठवायला लागली. व्हेनिसचं शेकडो वर्षांचं प्रजासत्ताक 1797 मध्ये बुडवलं आणि सान मार्कोच्या दारावरचे चार ब्राँझचे घोडे उतरवून पॅरिसला नेले. पद्धत तिथेच ठरली. लढाई जिंकायची, हरलेल्याकडून खंडणी घ्यायची, त्या खंडणीवर पुढची फौज पोसायची. 1805 मध्ये ऑस्टरलिट्झला ऑस्ट्रिया हरला तेव्हा चार कोटी फ्रँक. 1806 मध्ये येनाला प्रशिया हरला, तेव्हा निम्मा मुलूख गेला, वर 14 कोटी फ्रँकची मागणी आणि 42 हजारांहून जास्त फौज ठेवायची नाही अशी अट. 1809 मध्ये ऑस्ट्रिया पुन्हा हरला, तेव्हा साडेआठ कोटी. असा तह ज्याच्याकडून लिहून घेतला, तो पुन्हा लढणार नाही तर काय करणार?

मामा : खंडणी सगळेच घेत. तू मला वेस्टफालियाबद्दल सांग.

वेस्टफालिया हा मामांचा हुकमी एक्का. खरं सांगायचं तर नेपोलियनची बाजू मांडायला त्याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही, म्हणून मी ते पूर्ण ऐकून घेतलं.

मामा : 1807 मध्ये त्यानं जर्मनीच्या मधोमध एक नवं राज्य बनवलं. हेसे-कासेल, ब्राउनश्वाइग आणि प्रशियाकडून घेतलेला मुलूख जोडून. राजधानी कासेल, राजा त्याचा धाकटा भाऊ जेरोम, वय अवघं तेवीस. त्या राज्याला त्यानं लिखित संविधान दिलं, जर्मन भूमीवरचं पहिलं. वेठबिगारी रद्द. सरदारांचे करातले विशेष हक्क रद्द. कोर्टं खुली, ज्यूरी पद्धत, संहिता लागू. 1808 च्या जानेवारीत ज्यू प्रजेला बाकीच्यांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. त्या वेळी जर्मनीतल्या कुठल्या राजानं हे केलं होतं? जेरोमला त्यानं पत्रात काय बजावलं, तेही तुला ठाऊक आहे. लोकांनी एकदा शहाण्या आणि उदार कारभाराची चव घेतली की ते प्रशियाच्या मनमानीकडे परत जाणार नाहीत, म्हणून तुझं संविधान प्रामाणिकपणे राबव. हे निव्वळ लुटारूचं पत्र आहे का?

मी : नाही. ते पत्र मला खरंच आवडतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचं दुःख जास्त होतं. वेस्टफालियाच्या राजाच्या खालशातल्या जमिनी होत्या ना, त्यांतला निम्मा भाग नेपोलियननं स्वतःकडे राखून ठेवला. कशासाठी? आपल्या जनरलांना आणि अधिकाऱ्यांना इनामं द्यायला. पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाला जर्मनीतल्या खेड्यांचं उत्पन्न. शिवाय माग्देबुर्गच्या किल्ल्यातली फ्रेंच फौज याच राज्यानं पोसायची. राज्य पहिल्या दिवसापासून कर्जात. आता कुळाच्या जागी उभं राहून बघा. संविधान सांगतं, तू मोकळा झालास. पण जमिनीवरची जुनी देणी? ती चालूच. ती खरोखर बंद केली असती तर इनामदार जनरलांचं उत्पन्न बुडालं असतं आणि त्यांच्यामागे खुद्द सम्राट उभा होता. संहितेनं एका हातानं दिलं आणि इनामानं दुसऱ्या हातानं काढून घेतलं. तुमच्या संहितेचा वैरी प्रशिया नव्हता, मामा. नेपोलियनच्याच जिंकण्याची पद्धत तिच्या आड आली.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बाजू बदलली नाही, पण जमीन बदलली.

मामा : तू इंग्लंडला मोकळं सोडते आहेस. या माणसाला स्वस्थ बसू दिलं कुणी? 1802 चा अमियाँचा तह जेमतेम वर्षभर टिकला. मग इंग्लंडनं युरोपभर पैसा ओतला. 1793 पासून 1815 पर्यंत मित्रराष्ट्रांना सुमारे साडेसहा कोटी पौंड दिले. ऑस्ट्रिया, रशिया, प्रशिया सगळे त्या पैशावर पुन्हा पुन्हा उभे राहिले. ट्राफल्गारच्या आरमारी लढाईनंतर समुद्र इंग्लंडचा झाला. मग त्याच्याकडे दुसरं हत्यार काय उरलं? अगं, आमच्या गोव्यातसुद्धा फ्रेंच येतील या धास्तीनं 1799 पासून 1813 पर्यंत इंग्रज फौज बसली होती. आग्वाद आणि काबोच्या किल्ल्यांत. दोना पावलाची इंग्रजांची जुनी दफनभूमी तू पाहिली आहेस. जग इतकं त्याच्या भीतीवर चालत होतं.

मी : इंग्लंड साधुसंत नव्हतं, हे जालन्याजवळ राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. 23 सप्टेंबर 1803 ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूला उभा राहिला. पण हत्यार म्हणून नेपोलियननं जे उचललं, ते बघा. नोव्हेंबर 1806 मध्ये बर्लिनहून हुकूम काढला की युरोपातल्या कुठल्याही बंदरात इंग्लंडचा माल उतरायचा नाही. एकदा हे ठरलं की प्रत्येक किनारा ताब्यात हवा, कारण एक बंदर उघडं राहिलं तरी सगळं फुकट. म्हणून 1807 मध्ये पोर्तुगालवर चाल. पोर्तुगालला जायची वाट स्पेनमधून, म्हणून स्पेनमध्ये फौज. मग स्पेनच्या राजालाच बाजूला सारून थोरल्या भावाला, जोसेफला, गादीवर बसवणं. सख्खा भाऊ लुई हॉलंडच्या व्यापाऱ्यांची कड घेतो म्हणून 1810 मध्ये त्याचं राज्य खालसा. मग हँबर्ग आणि उत्तरेचा किनारा. 1811 मध्ये साम्राज्य हँबर्गपासून रोमपर्यंत 130 जिल्ह्यांचं झालं. नकाशावर ते त्याचं शिखर दिसतं. मला तिथे जकात नाके राखता राखता दमलेलं राज्य दिसतं.

मामा : स्पेन चुकलंच. ते त्यानं स्वतःही कबूल केलं.

मी : स्पेनमध्ये संहिता, सुधारणा, इन्क्विझिशन बंद, सगळं त्यानं देऊ केलं होतं. तरी 2 मे 1808 ला माद्रिदची साधी माणसं सुऱ्या घेऊन फ्रेंच घोडदळावर धावून गेली. सारागोसाच्या दोन वेढ्यांत पन्नास हजारांवर माणसं मेली, बरीचशी तापाच्या साथीनं. पुढची पाच वर्षं गनिमी काव्यानं ती फौज पोखरली गेली. चांगला कायदा संगिनीच्या टोकावर आला तर लोक संगीन आधी बघतात.

इथून पुढे वाद रशियावर आला. 1812 बद्दल बोलताना मामांचा आवाज दर वेळी उतरतो, आणि त्या बाबतीत आमच्यात खरं अंतर नाही.

मामा : रशिया 1810 च्या अखेरीस नाकेबंदीतून बाहेर पडला. तो सोडून दिला असता तर बाकीचेही सुटले असते. त्याच्यापुढे पर्याय नव्हता.

मी : मग तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. पर्याय राहू नये असं राज्य त्यानं स्वतः बांधलं होतं. 24 जून 1812 ला फौज नीमेन नदी ओलांडायला लागली. मागून आलेल्या तुकड्या धरल्या तर सहा लाखांवर माणसं, त्यांत फ्रेंच निम्म्याहून कमी. बाकीचे जर्मन, पोलिश, इटालियन, डच. तुमच्या वेस्टफालियाची पोरंही होती. मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं 1869 मध्ये या मोहिमेचा एक नकाशा काढला. जाणाऱ्या फौजेचा पट्टा 4,22,000 माणसांच्या रुंदीचा, मॉस्कोला पोचेपर्यंत 1,00,000 चा, आणि परत येणारा काळा पट्टा नदीशी 10,000 वर येऊन थांबतो. मी वर्गात तो नकाशा भिंतीवर लावते. मुलांना आधी वाटतं, थंडीनं मारलं. मग ती जाणारा पट्टा नीट बघतात. निम्म्याहून जास्त माणसं थंडी सुरू व्हायच्या आधी, ऐन उन्हाळ्यात गेली आहेत. भूक, हगवण, ताप, पळून जाणं.

मामा : आणि बेरेझिना.

मी : हो, बेरेझिना. नोव्हेंबरच्या अखेरीस माघारी येताना ती नदी आडवी आली, रशियन फौजा तिन्ही बाजूंनी. तरंगत्या पुलांचं सामान काही दिवसांपूर्वी नेपोलियनच्याच हुकमानं जाळलेलं. पण एब्ले नावाच्या वयस्क तोफखाना जनरलनं दोन फिरत्या भट्ट्या, कोळसा आणि अवजारांच्या गाड्या मागे ठेवल्या होत्या. स्तुद्यांका गावातली लाकडी घरं उतरवून त्याच्या माणसांनी वासे काढले, भट्टीवर आकडे ठोकले आणि बर्फाचे तुकडे वाहत असलेल्या पाण्यात छातीपर्यंत उभं राहून दोन पूल बांधले. एक पायदळाला, एक तोफा-गाड्यांना. पूल मोडायचा की ही माणसं पुन्हा पाण्यात उतरायची. त्यांत बरेच डच होते. वाचले फार थोडे. मागे राहिलेल्या हजारो लोकांना एब्लेनं रात्री विनवलं की पूल मोकळे आहेत, आताच पलीकडे चला. थकलेली माणसं शेकोट्यांपासून उठली नाहीत. 29 तारखेच्या सकाळी त्यानं ठरल्या वेळेपेक्षा उशीर करून पूल पेटवले. स्वतः एब्ले महिनाभरात केनिग्सबर्गला मेला. आणि सम्राटानं डिसेंबरच्या सुरुवातीला जे पत्रक काढलं, त्यात फौजेची दैना सांगून झाल्यावर शेवटी काय कळवलं, तर महाराजांची प्रकृती उत्तम आहे. मामा, मला त्या एब्लेपुढे मान झुकवावीशी वाटते. सम्राटापुढे वाटत नाही.

मामा : त्या पत्रकाचा राग मलाही येतो. पण तिथेही तो संपला नव्हता. 1813 च्या वसंतात नवी फौज उभी करून त्यानं दोन लढाया जिंकल्या.

मी : आणि मग ड्रेस्डेनची भेट. माझ्या मते तो तिथे हरला. मॉस्कोत नाही, वॉटर्लूला तर नाहीच. 26 जून 1813, मार्कोलिनी वाडा, समोर ऑस्ट्रियाचा मेटरनिख. वॉर्सॉचं राज्य मोडा, इलिरिया आम्हाला परत द्या, उत्तर जर्मनीतला किनारा सोडा, अशी साधारण मागणी. हे सगळं देऊनही फ्रान्स ऱ्हाइनपर्यंत राहिला असता, म्हणजे चौदाव्या लुईच्या फ्रान्सपेक्षा मोठा. तासन्‌तास बोलणी चालली. रागाच्या भरात नेपोलियननं आपली टोपी कोपऱ्यात भिरकावली आणि मेटरनिखनं ती उचलली नाही. हे मेटरनिखनंच लिहून ठेवलं आहे, तेव्हा त्यात स्वतःची फुशारकी असेल, ते मी धरून चालते. पण त्यात नेपोलियनच्या तोंडी एक गोष्ट आहे, ती मला खरी वाटते. गादीवर जन्मलेले राजे वीस वेळा हरून राजधानीत परत येऊ शकतात, मी येऊ शकत नाही, कारण मी शिपाईगिरीतून वर आलो आहे.

मामा : म्हणजे त्याला स्वतःला कळत होतं.

मी : पुरतं कळत होतं. ज्याच्या राज्याचा पाया विजय हा एकच, त्याला एक इंच मागे येता येत नाही. नवं कर्ज काढून जुनं फेडणाऱ्या माणसाचं जसं होतं, तसं त्याचं झालं होतं. तुमच्याकडे असे अशील येत असतील.

मामा : येतात. पण सावकारही कधी धुतल्या तांदळाचा नसतो. मेटरनिखला तह हवाच होता हे तू कशावरून धरतेस? ऑस्ट्रियाची फौज तयार व्हायला वेळ हवा होता, म्हणून बोलणी. ऑगस्टमध्ये त्यांनी युद्ध पुकारलंच. अशा बोलण्यांवर विश्वास ठेवून कोणता वकील अशिलाला किल्ल्या देऊन टाक म्हणेल?

मी : एकदाच झालं असतं तर मी मानलं असतं. ऑक्टोबरमध्ये लाइपझिगला चार दिवसांच्या लढाईत तो हरला, तरी नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टहून पुन्हा देकार आला, आल्प्स आणि ऱ्हाइनच्या सीमा ठेवा. त्यानं वेळ घालवला. 1814 च्या फेब्रुवारीत शातियोंला 1792 च्या सीमा देऊ केल्या. तेव्हा दोन-तीन लढाया जिंकल्या आणि त्या सीमाही नको झाल्या. दर वेळी देकार आधीच्यापेक्षा लहान. 31 मार्चला शत्रू पॅरिसमध्ये आले आणि एप्रिलमध्ये एल्बाचं बेट हाती पडलं. या नऊ महिन्यांत जी पोरं मेली, ती कोणत्या संहितेसाठी मेली, हे मला कुणी सांगितलेलं नाही. बरीचशी विशीच्या आतली होती.

एल्बाहून सुटका, शंभर दिवस, 18 जून 1815 ची वॉटर्लू, सेंट हेलेना या सगळ्यावर आम्ही फार थांबलो नाही. मामांचा तिथला मुद्दा एवढाच होता की 1 मार्चला मूठभर माणसांनिशी किनाऱ्याला उतरलेला माणूस एकही लढाई न करता 20 तारखेला पॅरिसमध्ये पोचतो, तेव्हा त्याच्यामागे केवळ संगिनी नसतात. ते बरोबर आहे. परत आलेल्या बुर्बों राजानं आणि सरदारांनी जप्त जमिनी परत मागायची भाषा सुरू केली होती आणि शेतकरी घाबरले होते. पण मामांनी शेवटचा डाव राखून ठेवला होता.

मामा : बरं, वॉटर्लू झालं. सम्राट समुद्रापार गेला. ऱ्हाइनकाठचा मुलूख प्रशियाच्या राजाला मिळाला. आता तर कुणाची संगीन नाही? मग त्या राजानं फ्रेंच कायदा काढून टाकायला हवा होता. त्याच्या मनात तेच होतं. पण ऱ्हाइनकाठचे वकील आणि व्यापारी अडून बसले. 1816 मध्ये राजानं आयोग नेमला आणि 1818 पर्यंत त्या आयोगानंच शिफारस केली की हा कायदा इथे राहू द्यावा. कोलोनमध्ये ती संहिता 1 जानेवारी 1900 पर्यंत चालली. प्रशियाच्या राज्यात, नंतर जर्मन साम्राज्यात! फ्रान्सशी 1870 चं युद्ध झालं तेव्हासुद्धा तिथल्या कोर्टात फ्रेंच संहिता उघडली जात होती. आता सांग, हे राज्य हरलं का?

मी : हा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच मी तुमचं कासेल पुन्हा समोर आणते. 1813 च्या शेवटी जुना राजा कासेलला परतला आणि त्यानं वेस्टफालियाचं संविधान, संहिता, सगळं पुसून टाकलं. लोक अडून बसले नाहीत. ऱ्हाइनकाठी बसले. कायदा तोच होता, मग असं का झालं? ऱ्हाइनकाठचा मुलूख जवळपास वीस वर्षं फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथे चर्चच्या जमिनी विकायला काढल्या आणि तिथल्याच शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या. कायदा गेला तर जमीन जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. कासेलच्या कुळाच्या हाती सहा वर्षांत काय पडलं? कागद पडला, आणि उत्पन्न पॅरिसच्या इनामदाराकडे गेलं. संहिता टिकली ती जिथे त्यानं मुलखाला आपल्यासारखं वागवलं तिथे. जिथे मुलूख खायला घेतला, तिथे तीही बुडाली.

मामा : ऱ्हाइनकाठच्या त्या जमिनी 1802 नंतर त्याच्याच राजवटीत विकायला निघाल्या, हे मात्र लिहिताना गाळू नकोस.

मी : गाळणार नाही. वेस्टफालियाच्या इनामांची यादीही त्याच्याच सहीची होती, तीही लिहीन.

मामा : लिही. दोन्ही लिही.